केरूच्या पायाचा दिवा

१

केरू वायरमनच्या पायाचं प्लॅस्टर कापलं ते चौऱ्याऐंशी सालच्या श्रावणात. मे महिन्यात एका लग्नाच्या मांडवात ट्यूबा लावताना त्याची शिडी सरकली होती आणि उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली होती. तेव्हापासून मांडीच्या मध्यापासून बोटांपर्यंत पाय प्लॅस्टरमध्ये, गुडघ्यात जरासा वाकवलेला. असे दहा आठवडे.

ते दहा आठवडे त्याने घराच्या आतल्या खोलीत काढले. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, चढावर त्याचं छोटं चिऱ्याचं घर होतं. बांधताना मागची दरड तोडून जागा केलेली, त्यामुळे आतल्या खोलीची एकुलती एक खिडकी दरडीवरच उघडायची. हात बाहेर काढला की तांबडी ओली भिंत बोटांना लागे. भर दुपारीसुद्धा त्या खोलीत दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नसे. ओटीवर खाट टाकली असती तर येणारी-जाणारी माणसं तरी दिसली असती, पण ओटीवर पावसाची झड यायची आणि ओल प्लॅस्टरला चालत नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बायको राही बालवाडीत मदतनीस होती. ती दहाला जायची ती दोनला यायची. तोवर केरू खाटेवर पडून दरडीवरून ओघळणारं पाणी बघायचा आणि प्लॅस्टरच्या आत विणायची सुई घालून खाजवायचा. खाज मात्र नेहमी सुई पोचायची त्याच्या दोन बोटं पुढे असायची. कधीकधी त्याला रडायला यायचं. चाळिशी उलटलेला माणूस, गावभर शिड्या लावून खांबांवर चढणारा, तो खाजेपायी उशीत तोंड खुपसून रडायचा. हे त्याने राहीलाही सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात कंपाउंडरने करवतीने प्लॅस्टर दोन्ही बाजूंनी चिरलं आणि शिंपला उघडावा तसे त्याचे दोन अर्धे बाजूला केले. आतून पाय निघाला तो बारीक, पांढुरका, कातडीचे पापुद्रे सुटलेला. केरूला तो आपला वाटेना. आपला वाटला तो बाजूला ठेवलेला, घामाने पिवळा पडलेला, जाडजूड पाय.

“ते टाकू नका,” तो म्हणाला. “मला द्या.”

कंपाउंडर हसला. “कशाला? परत मोडून घ्यायचाय?”

“यानं मला दहा आठवडे कोंडून ठेवलंय. आता मी त्याला कामाला लावतो.”

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरून पाहिला. “हाड छान जुळलंय. कुबडी घ्या, हळूहळू जोर द्या. गणपतीत आरतीला पायावर उभे राहाल.”

२

“अवो, हे कशाला आणलाव घरात?” राहीने विचारलं. रिक्षातून उतरताना तिने ती प्लॅस्टरची पिशवी अंगापासून लांब धरली होती. “मेलेल्या माणसाचं काहीतरी आणल्यागत वाटतंय.”

“मेलेला कोण हाय? मी तुझ्या पुढ्यात बसलोय की.”

चार दिवस केरू त्या कामात बुडून गेला. राही कामावर गेली की तो खाटेवर जुनी चादर पसरायचा आणि बसायचा. आतला कापूस त्याने चमच्याने खरवडून काढला, कारण बल्बच्या उष्णतेने तो पेटला असता. कापसाबरोबर त्याच्या पायाचे केसही निघाले. काही प्लॅस्टरला चिकटून तसेच राहिले. दोन्ही अर्धे जुळवून त्याने भिजवलेल्या पट्ट्यांनी सांधले. बोटांच्या जागेचं तोंड उघडं होतं, तिथे त्याने नवं प्लॅस्टर कालवून पाच बोटं घडवली. डाव्या पायाकडे बघत बघत त्याने उजव्याची बोटं केली. अंगठा चांगला जमला. नखसुद्धा कोरलं.

मग त्याने गिरमिट घेतलं आणि आकाशकंदिलाला पाडतात तशी भोकं पाडायला सुरुवात केली. मांडीपासून घोट्यापर्यंत वेलीसारख्या ओळी, आणि बोटांना अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक भोक. पेन्सिल जाईल एवढी. पांढऱ्या चुऱ्याने त्याचे हात, भुवया, सगळं माखलं. गेल्या अडीच महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. पाय फणसाच्या फळीवर उभा बसवला, मांडीच्या तोंडातून वायर आणि होल्डर नडगीपर्यंत सोडला, पंचवीसचा बल्ब लावला, वर डब्याचं झाकण ठेवलं. सगळं मिळून एवढं हलकं की एका हाताने उचलून त्याने ते कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवलं.

दोन घरं सोडून राहणारे हरिश्चंद्र गुरुजी त्या दुपारी आले होते. शाळेतून निवृत्त झालेले. केरू पडून होता तेव्हा रोज येऊन त्याला पेपर वाचून दाखवायचे.

“केरू, माणसं करवंटीचा दिवा करतात, शंखाचा करतात,” ते म्हणाले. “हे असलं अभद्र कोणी केलेलं मी पाहिलं नाही.”

“म्हणून तर केला, गुरुजी.”

“लोक काय म्हणतील?”

“लोकांना कशाला दाखवतोय? याच खोलीत ऱ्हाणार तो. मी राहिलो तसा.”

गुरुजी हसले. पण जाताना त्यांनी दिव्याच्या बाजूने न जाता खाटेला वळसा घातला.

३

दिवेलागणीला राहीने देवापुढे निरांजन लावलं आणि इकडे केरूने बटण दाबलं.

खोली ठिपक्यांनी भरून गेली. भिंतींवर, छताच्या वाशांवर, खाटेवर, दारात उभ्या राहिलेल्या राहीच्या पातळावर. राहीने ते क्षणभर पाहिलं, पदर झटकला आणि ती चुलीकडे वळली.

वायर पलीकडच्या भिंतीपाशी सैल पडली होती. केरू उठला, गेला, वाकून वायर खिळ्याला अडकवली, परत आला आणि खाटेवर बसला. मग त्याचं लक्ष गेलं. कुबडी उशाशी होती तिथेच होती.

चार पावलं जायची, चार यायची. तो नुसता चालून आला होता.

“राही, अगो, इकडे ये.”

ती ओले हात पुसत आली. तो पुन्हा उठला आणि तिच्या देखत चालला. पाय लंगडत नव्हता, दुखत नव्हता. राहीने हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आता चुलीपर्यंत या बघू,” ती म्हणाली. “आज पुढ्यात बसून जेवा.”

केरू दारापर्यंत आला. उंबऱ्यापलीकडे त्याने उजवा पाय टाकला, आणि तो चौकट धरून लटकला. पाय दुखला नव्हता. पाय तिथे नव्हताच. खाली नजर टाकली तर दिसत होता, लुंगीखाली, बारीक आणि पांढुरका. पण त्याच्यावर अंगाचा भार टाकायचा म्हटलं तर पाण्यावर टाकल्यासारखं होत होतं.

“दमलाव,” राही म्हणाली. “एकदम एवढं चालायचं नाय.”

त्यालाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर त्याने नीट बघायचं ठरवलं. वायरिंगमधला फॉल्ट शोधायची त्याची एक रीत होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्याने दिवा बंद ठेवून ट्यूब लावली आणि उभा राहिला. पाय दुमडला. ट्यूब बंद करून दिवा लावला. पाय उभा राहिला, चालला, त्याने एकदा त्याच पायावर उडीसुद्धा मारली. मग त्याला वाटलं, बल्बच्या उबेने हाड मोकळं होत असेल. त्याने तेवढाच बल्ब साध्या होल्डरला लावून पायाशी धरला. काही नाही. मग लांब वायर जोडून, कुबडी काखेत धरून, दिवा छातीशी कवटाळून तो ओटीवर घेऊन गेला. तिथे दिवसाच्या उजेडात ठिपके दिसेनात. पाय थरथरला, जरासा उभा राहिला आणि दुमडला.

जिथे ठिपके पडत होते तिथे पाय होता. आणि ठिपके पडायचे फक्त त्या एका खोलीत, जिच्या खिडकीपुढे दरड होती.

केरूने दिवा परत स्टुलावर ठेवला. हे सगळं मनाचं आहे, असं तो स्वतःला म्हणाला. इतके दिवस पडून राहिलेल्या माणसाचं मन असं काहीही धरून बसतं. चार दिवसांत सुटेल.

४

चार दिवसांत सुटलं नाही. केरू खोलीतच राहू लागला. सकाळी कुबडीवर मोरीपर्यंत जाऊन येणं सोडलं तर बाहेर पाय टाकणं त्याला नको वाटे. आत तो चालायचा, वाकायचा, टेबल फॅन दुरुस्त करायचा. राहीला वाटे, सुधारतायत. मंडणगडला दिलेल्या लेकीला तिने पत्र टाकलं की गणपतीला या, बाबा चालायला लागले.

चालता चालताच त्याला दुसरी गोष्ट दिसली.

दिवा कोपऱ्यात. तो दाराकडे चालत असताना ठिपके त्याच्या पाठीवर पडायचे, ते ठीक. पण दिव्यासमोरच्या, खिडकीच्या भिंतीवर, जिथे त्याची सावली पोचत नव्हती, तिथेही ठिपके नाहीसे होत होते. एक ओळ विझायची आणि पुन्हा लागायची. वरून खाली. गुडघ्याच्या उंचीची, मग नडगीची, मग घोट्याची. आणि अगदी तळाला, फरशीला लागून पडलेले बोटांचे पाच ठिपके अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकामागून एक. तो थांबला की ठिपकेही थांबत.

पाल शिरली असेल, तो म्हणाला. उबेला पाली येतात.

दिवा बंद करून, गार होऊ देऊन त्याने झाकण काढलं, होल्डर वर ओढला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. आत पाल नव्हती. झुरळ नव्हतं. फक्त प्लॅस्टर कोरडं लागायला हवं होतं ते ओलसर लागलं, आणि उबदार. बल्बची ऊब नव्हे ती. कुणीतरी बूट काढावा आणि लगेच आपण त्यात हात घालावा, तशी.

त्याने हात काढून लुंगीला पुसला, मग मोरीत जाऊन धुतला, आणि त्या दुपारी गुरुजी आले तेव्हा त्यांना म्हणाला, “गुरुजी, एक काम करा. त्या भिंतीकडे तोंड करून बसा. मी चालतो. तुम्ही माझ्याकडे बघू नका, भिंतीकडे बघा.”

“कशासाठी?”

“मला दिसतं ते तुम्हाला दिसतं का, एवढंच.”

गुरुजींनी चष्मा पुसला आणि खुर्ची फिरवून बसले. केरू त्यांच्या पाठीमागे चालू लागला. जायची चार पावलं, यायची चार. बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं. दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या. गुरुजींची मान हळूहळू खाली वळत चालली होती, भिंतीच्या तळाकडे.

“केरू,” ते शेवटी म्हणाले, “तू चालू नकोस.”

“काय दिसलं?”

“व्होल्टेज कमीजास्त होत असेल.”

“व्होल्टेजनं सगळा बल्ब बारीक होतो, गुरुजी. एक ओळ नाय होत.”

गुरुजी उठले. छत्री घ्यायला विसरले आणि दारातून परत आले, पण खोलीत आले नाहीत. राहीची वाट बघत ओटीवर थांबले. ती आल्यावर तिच्याकडून त्यांनी छत्री आणवली. जाताना तिला एवढंच म्हणाले, “त्याला बाहेरच्या खोलीत झोपव.”

त्यानंतर ते पेपर वाचायला आले नाहीत.

५

पुढच्या शुक्रवारी सव्वादहाला लाईट गेली.

राही नुकतीच गेली होती. केरू खोलीच्या मधोमध होता, हातात पकड. ठिपके एकदम नाहीसे झाले आणि तो जिथे होता तिथे कोसळला. डोकं खाटेच्या पायावर आपटता आपटता वाचलं. जरा वेळ तो तसाच पडून राहिला. लाईट जाणं नवं नव्हतं, पावसात अधूनमधून जाते. येईल दहा मिनिटांत.

आली नाही. कुबडी स्वयंपाकघरात होती. तो कोपरांवर सरकू लागला. अंग सरकलं, डावा पाय सरकला. उजवा जागचा हलला नाही. लुळा पाय फरफटत येतो. हा येत नव्हता. टाचेला कुणी खिळा मारावा तसा तो फरशीला धरून होता. केरूने ओढून पाहिलं, मांडीला दोन्ही हातांनी धरून झटकून पाहिलं. शेवटी घामाघूम होऊन उताणा पडला.

खिडकीतून दरडीचा तांबूस अंधार आत येत होता. खाली बंदरात बोटी डागडुजीला ओढलेल्या, त्यांच्यावर हातोडे पडत होते. माणसं एवढी जवळ होती. त्याने हाका मारल्या. वाऱ्यापावसात त्या ओटीपर्यंत तरी गेल्या की नाही कोण जाणे.

मग खाज सुटली.

नडगीच्या मागे, पोटरीच्या खाली, तीच जुनी जागा. आता प्लॅस्टर नव्हतं, पाय उघडा होता. केरू अर्धवट उठून बसला आणि त्याने नखांनी खाजवलं. खाज तशीच. जोरात खाजवलं. कोवळी कातडी सोलवटली, रक्त आलं, बोटं चिकट झाली. खाज तिथे नव्हतीच. ती कुठेतरी घट्ट, गरम, अंधाऱ्या जागेत होती, जिथे त्याचा हात पोचत नव्हता.

त्याने दात ओठांवर रोवले आणि त्याच वेळी आवाज आला.

कोपऱ्यातून. स्टुलावरून. खर्र, खर्र. सुक्या प्लॅस्टरवर आतून नख ओढल्यासारखा. केरू श्वास धरून ऐकत राहिला. आवाज थांबला, जरा खाली सरकला आणि पुन्हा सुरू झाला, शांतपणे, जसं कुणी स्वतःला निवांत खाजवतं.

आणि त्याच्या पोटरीची खाज थांबली.

दोन वाजता राही आली तेव्हाही लाईट आली नव्हती. केरू फरशीवर होता, डोळे उघडे, नजर कोपऱ्यावर. तिने काखेत हात घालून त्याला खाटेवर घेतला. या वेळी पाय आला.

६

त्या दिवशी त्याने तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला रिक्षात घालून डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नवा फोटो काढला, गुडघा वाकवला, तळव्याला टाचणी टोचली.

“हाड पक्कं आहे. चालू नये असं काही मला यात दिसत नाही,” ते म्हणाले. “भीती बसलीय मनात. घरच्यांनी जरा धीर द्या.”

घरी आल्यावर राहीने स्वयंपाक केला, दोघं जेवली, तिने भांडी घासली. मग ती वरवंटा घेऊन आतल्या खोलीत आली.

“आता मी हे फोडते,” ती म्हणाली.

“नको, राही.”

“का नको? तुम्हीच केलाव ना? चुना आणि कापड हाय ते.”

“त्यात माझा पाय हाय.”

“पाय तुमच्या अंगाला हाय.” तिने बोर्डातली पिन उपटली, वरवंटा दाराशी ठेवला. “इथे नको. अंगणात नेऊन फोडते.”

तिने एक हात घालून दिवा उचलायला घेतला. उचलला गेला नाही. तिने दोन्ही हात घातले, गुडघ्यात वाकली, आणि तान्ह्या पोराला नव्हे तर चांगल्या वाढलेल्या पोराला उचलावं तशी तो छातीशी घेऊन उभी राहिली.

“हे एवढं जड होतं?”

केरू खाटेवर बसला होता, पाय समोर पसरून, गादीवर टेकलेला. पण गादी त्याला लागत नव्हती. पाय हवेत उचलला गेला होता, लोंबकळत होता, आणि राही एक पाऊल दाराकडे गेली तसा तो झुलला. त्याने खाटेच्या दोन्ही कडा पकडल्या.

“राही, खाली ठेव. पडेन मी.”

“तुम्ही बसलेले हाव.”

“खाली ठेव गो.”

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग आपल्या हातांतल्या त्या वाकलेल्या गुडघ्याकडे. आणि अगदी हळू, जपून, तो परत स्टुलावर ठेवला. केरूने सुटकेचा श्वास सोडला.

मग राहीने पिन परत बोर्डात घातली. ठिपके आले. ती स्टुलासमोर फरशीवर बसली, एक डोळा तळहाताने झाकला आणि दुसरा घोट्याजवळच्या एका भोकाला लावला. तिच्या गालावर, कपाळावर, गळ्यातल्या पोतीवर ठिपके पडले होते.

“काय दिसतंय?”

“बल्ब.”

“बाजूला?”

“गप ऱ्हावा जरा.”

बाहेर पाऊस थांबला होता. पन्हळीतून एकेक थेंब पडत होता.

“अंगठा हलवा बघू,” राही म्हणाली.

केरूने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. त्याचा धीर होत नव्हता. तो अंगठा त्याचाच होता, तो हलवायचा की नाही हे त्याच्याच हातात होतं, आणि तरी तो नुसता बघत बसला.

“हां. दिसला,” राही म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. “बस. थांबवा आता.”

“राही,” केरू म्हणाला, “मी अजून हलवलाच नाय.”

ती डोळा काढेना. खिडकीच्या भिंतीच्या तळाशी पाच ठिपके एकामागून एक विझत होते, लागत होते. मग गादीवरच्या त्याच्या पायाचा अंगठा हलला. मग त्याच्या शेजारचं बोट. भिंतीवर ठिपका विझायचा आणि त्याच्यामागून बोट हलायचं, पाढा म्हणून दाखवल्यावर पोरं मागून म्हणतात तसं. मग गुडघा वर आला. केरूने दोन्ही हातांनी मांडी दाबून धरली, अंगाचा सगळा भार टाकला. पाय त्याच्या हातांखालून सरकला, खाटेवरून उतरला, फरशीला टेकला आणि त्याला घेऊन उभा राहिला.

राहीने पिन उपटली. ठिपके गेले.

पाय थांबला नाही.

ती अंधारात भिंतीला पाठ लावून बसली होती. चार पावलं जाताना ऐकू आली. चार येताना. मधे केरूचा हात तिच्या खांद्याला लागला, तिने तो धरला, आणि तो तिच्या हातातून ओढला गेला.

७

त्या वर्षी त्यांच्याकडचा गणपती दिराच्या घरी बसवला. लेकीला राहीने दुसरं पत्र टाकलं की यंदा येऊ नका, घरात ओल फार आहे.

गणपती झाले, पावसाची उघडीप पडली. एके सकाळी हरिश्चंद्र गुरुजी चढावरून खाली येत होते तेव्हा राही घराला कडी लावून बालवाडीला निघाली होती. कडी बाहेरून का लावली, हे त्यांनी विचारलं नाही. ती वाळली होती. पण केस नीट विंचरलेले, पातळ स्वच्छ.

“राही, केरूचा पाय कसा आहे?”

“चालतायत की आता.”

“मग कुठे दिसला नाही तो. एवढे गणपती झाले.”

राहीने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बंदराचा आवाज त्या वेळी नव्हता, आणि बंद दारामागून, घराच्या आतल्या अंगाने, पावलं ऐकू येत होती. एक जड, एक हलकं. चार जाताना, मग एक वळण, मग चार येताना.

“थांबले की येतील, गुरुजी,” ती म्हणाली, आणि उशीर झाला म्हणून उतार उतरू लागली.